छोट्या घराचा आराम दाराबाहेरही मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत ‘टायनी हाऊस’वर अख्खं पान होतं. अमेरिकेतली चाकांवरची लाकडी घरं, जिन्याच्या पायऱ्यांत ड्रॉवर, भिंतीत दुमडून जाणारा पलंग, वर माळ्यावर गादी आणि खिडकीत हिरवीगार कुंडी. पान सुंदर होतं आणि लिहिणाऱ्यांनी मेहनतीने लिहिलंय हे कळतं. पण मी फर्निचरची कामं घेतो, करी रोड-लालबागपासून कल्याण-बदलापूरपर्यंत, आणि माझी बहुतेक गिऱ्हाईकं चारशे फुटांच्या आतल्या घरात राहणारी आहेत, त्यामुळे असं पान छापून आलं की त्याच आठवड्यात तेच फोटो मला व्हॉट्सअॅपवर येतात, ‘दादा आम्हाला असंच पाहिजे’ म्हणून. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितोय, जमलं तर छापा, मोठं झालं तर कापा पण मधला भाग ठेवा.

माझं म्हणणं असंय की छोट्या घरात माणसाला आराम मिळतो तो आधी हवेतून, उंचीतून, पाण्याच्या सोयीतून आणि दाराबाहेर जी काय जागा मिळते तिच्यातून, आणि फर्निचरचा नंबर त्या सगळ्याच्या नंतर लागतो. माझं पोट फर्निचरवर चालतं तरी हेच सांगतो. घडीचा पलंग आणि घडीचं टेबल बनवून देणारे आम्ही खूप झालो, पण बंद हवेच्या खोलीत ते कितीही हुशारीने बसवलं तरी घरातली बाई दुपारी दोन वाजता घामाने निथळतच असते.

आधी मापाचं बघू. अमेरिकेत जो 2018 चा निवासी बांधकाम कोड आला त्याच्या परिशिष्टात टायनी हाऊस म्हणजे चारशे स्क्वेअर फूट किंवा त्याच्या आतलं घर, आणि त्यात माळा धरलेला नाही, म्हणजे माळ्याची जागा वरून वेगळी. आता त्या घरात राहतं कोण, बहुतेक एकटा माणूस नाहीतर नवरा-बायको, म्हणजे माणशी दोनशे फूट. आपल्याकडे बीडीडी चाळीतली, म्हणजे मुंबईतल्या जुन्या सरकारी चाळीतली, खोली 160 फुटांची, त्यात सहा माणसं धरली तर माणशी सव्वीस-सत्तावीस फूट होतात. झोपडपट्टी पुनर्वसनात 1995 ला 225 फूट होते, मग 269 झाले आणि आता 300 मिळतात, त्या 300 मध्ये पाच माणसं धरली तरी माणशी साठच फूट आले. तिकडे हौसेने छोटं घर घेतात, सामान कमी करायचं, कर्ज फेडायचं, मोकळं राहायचं, आणि त्यात काही चूक नाही. पण त्यांनी मोकळ्या रानात उभ्या केलेल्या घराची आतली मांडणी उचलून आपल्या विक्रोळीच्या सातव्या मजल्यावर ठेवली की गडबड होते, कारण त्या घराला चारही बाजूंनी खिडक्या आहेत आणि दार उघडलं की अंगण आहे, आणि फोटोत नेमकं तेच मागे राहून जातं.

माळ्याचंच घ्या, सगळ्यात जास्त मागणी त्याची असते. चाकांवरचं घर रस्त्यावरून न्यायचं म्हणून तिकडे बहुतेक राज्यांत ते साडेआठ फूट रुंदी आणि साडेतेरा फूट उंचीत बसवावं लागतं, चाकं आणि सांगाडा वजा जाता आत दहा-अकरा फूट उरतात, त्यात खाली उभं राहता येतं आणि वर आडवं. आपल्या जुन्या चाळीत पण अकरा-बारा फुटांची उंची असायची, म्हणून पोटमाळा जमायचा, खाली साडेसहा फूट सोडले, अर्धा फूट लाकूड-फळीत गेला तरी वर चार-पाच फूट मिळायचे, पोरं वर अभ्यास करायची आणि तिथेच झोपायची, नव्या जोडप्याचा संसार पण तिथेच सुरू व्हायचा, हे गिरगाव-परळच्या कुठल्याही माणसाला विचारा. आता नव्या बिल्डिंगमध्ये नियमाप्रमाणे 2.75 मीटर म्हणजे नऊ फूट मिळतात. नऊ फुटात झोपायचा माळा करायचा तर वर उठून बसायला साडेतीन फूट तरी लागतात, अर्धा फूट सांगाड्याला, म्हणजे खाली उरले पाच. पाच फुटाखाली तुम्ही रोज वाकून वावरणार का? शिवाय पंखा कुठे लावायचा? पंख्याची पाती माळ्यावर झोपलेल्याच्या हाताशी येतात आणि गरम हवा सगळी वर साठते, मे महिन्यात त्या माळ्यावर कोणी झोपू शकत नाही. म्हणून नऊ फुटी घरात मी झोपायचा माळा करून देत नाही, सामानाचा दीड-दोन फुटी माळा दारावर, पॅसेजवर करून देतो, त्यात गणपतीचं मखर, गौरीचे डबे, पाहुण्यांची अंथरुणं असं वर्षातून एकदा-दोनदा लागणारं सामान जातं आणि तेवढंच त्याचं काम.

आणि शिडीचा पण विचार करा ना. फोटोत चढणारी मुलगी पंचविशीतली असते. आपल्या घरात सासूबाईंचे गुडघे गेलेले असतात, कोणाला रात्री दोनदा बाथरूमला उठावं लागतं, सुनेला सातवा महिना असतो. ज्या घरात तीन पिढ्या आहेत तिथे झोपायची जागा जमिनीवर किंवा दीड फुटी दिवाणावरच पाहिजे.

आता भिंतीत दुमडणारा पलंग. मी हे बसवतो, चांगलं बसतं, पण त्याला समोर साडेसहा फूट मोकळी जमीन लागते, म्हणजे रोज रात्री टीपॉय उचला, खुर्च्या बाजूला करा, मुलाचं दप्तर हलवा आणि मग पलंग खाली ओढा. पहिले दोन-तीन महिने सगळे उत्साहाने करतात आणि नंतर तो पलंग कायमचा खालीच राहतो, हे मी एवढ्या घरांत बघितलंय की आता आधीच विचारतो की घरात सगळे एका वेळी झोपता-उठता का. एक जण नाइट शिफ्टला आणि एकाची सकाळची शाळा असेल तर तो पलंग दुमडायचा कधी? भिंतीचा प्रश्न वेगळाच, नव्या बिल्डिंगला आतल्या भिंती सिपोरेक्सच्या म्हणजे हलक्या, पोकळ दाण्याच्या ब्लॉकच्या, चार इंची, त्यात साधा फास्टनर धरत नाही, आरपार बोल्ट मारून मागून पट्टी द्यावी लागते किंवा सगळा भार जमिनीवर घ्यावा लागतो. हे कोणी सांगत नाही, ऑनलाइन मागवतात आणि मग पलंग भिंतीसकट हलतो.

आपल्याकडे याच्यावरचा उपाय पिढ्यान्पिढ्या चालत आलाय, गादीची वळकटी. सकाळी गुंडाळली, फडताळात टाकली की झोपायची खोली बसायची खोली झाली. जपानमध्ये तर त्यासाठी भिंतीतलं कपाटच वेगळं असतं, चांगलं खोल, फुतोन म्हणजे त्यांची गादी घडी करून त्यात सरळ बसते, आणि तिथे ती घराच्या नकाशातच धरलेली असते. आपल्या नकाशात गादीला जागाच नसते, मग ती सोफ्याच्या मागे नाहीतर दारामागे उभी राहते. माझं म्हणणं, तीनशे फुटी घर बांधतानाच अडीच फूट खोल आणि चार फूट रुंद असा एक कोनाडा भिंतीत सोडा, बिल्डरला त्यात काही मोठा खर्च नाही आणि घरातल्या बाईची रोजची सकाळ सुटसुटीत होते.

फिक्स फर्निचरबद्दल पण थोडं. टोकियोत 1972 मध्ये किशो कुरोकावा या आर्किटेक्टने नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला होता, 140 कॅप्सूल, एकेक साधारण दहा चौरस मीटरची म्हणजे आपल्या दहा बाय अकराच्या खोलीएवढी, पलंग, टेबल, टीव्ही, बाथरूम सगळं आत आधीच बसवलेलं. कल्पना अशी होती की पंचवीस वर्षांनी जुनी कॅप्सूल काढून नवी लावायची. ते कधी झालंच नाही, दुरुस्ती अवघड होत गेली आणि शेवटी 2022 मध्ये ती बिल्डिंग पाडली. जगभरातले आर्किटेक्ट तिच्यावर जीव टाकायचे तरी हे झालं. आमच्या धंद्यात हे लहान प्रमाणात रोज होतं. भिंतीला भिंत करून वॉर्डरोब ठोकला, दोन पावसाळ्यांत वरच्या मजल्याचं लीकेज आलं, प्लाय फुगला, मागे बुरशी, आणि आता पाइप दुरुस्त करायचा तर वॉर्डरोब फोडल्याशिवाय प्लंबरचा हात पोचत नाही. म्हणून पावसाच्या बाजूच्या, म्हणजे आपल्याकडे नैऋत्येकडच्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावूच नका, लावलंच तर एक-दीड इंच फट ठेवा आणि वर-खाली हवा जायला भोकं ठेवा, आणि हायड्रॉलिक बेडच्या पेटीत पण भोकं पाडून घ्या, नाहीतर जुलैमध्ये आतल्या चादरींना वास येतोच. छोट्या घरात फर्निचर जेवढं सुटं तेवढं बरं, जे ओढून दुसऱ्या भिंतीला लावता येईल, मुलगी दहावीला गेली की टेबल खिडकीपाशी सरकवता येईल.

स्वयंपाकघरावर मला जास्त बोलायचंय कारण तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि नकाशात सगळ्यात कमी डोकं तिथेच लावलेलं असतं. छोटं किचन चांगलं होऊ शकतं, शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालंय. मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन बाई आर्किटेक्ट होत्या, त्यांनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी किचन डिझाइन केलं, 1.9 बाय 3.4 मीटर, म्हणजे सव्वासहा बाय अकरा फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन बघून, बाई किती पावलं चालते, हात कुठे पोचतो हे मोजून केलं, आणि तशी हजारो किचनं बसली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे आहे. आमच्याकडे येणाऱ्या कॅटलॉगमध्ये रंग आणि ग्लॉसी शटर असतात, पण ओटा किती उंच हे बाईला उभं करून कोणी विचारत नाही. ओटा तिच्या कोपरापासून चार इंच खाली पाहिजे, त्याच्यापेक्षा उंच ओटा दिला की पोळ्या लाटताना खांदे वर राहतात आणि संध्याकाळी मान धरते. पीठ मळायचं आणि लाटायचं काम असलेल्या घरात मी ओट्याचा एक तुकडा दोन-तीन इंच खाली घेतो, दिसायला जरा वेगळं दिसतं पण ज्यांनी घेतलंय त्या सगळ्या खूश आहेत.

अमेरिकन फोटोत किचन उघडं असतं, पलंगापासून चार फुटांवर. त्यांच्याकडे चालत असेल. आपल्याकडे सुक्या मिरच्यांची फोडणी पडली की पलंगावरच्या माणसाला ठसका लागतो, आणि बांगडा तळला तर उशीला वास येतो. भिंत घातली तर खोली अंधारी होते म्हणून मी काचेचा सरकता दरवाजा सुचवतो, उजेड येतो आणि फोडणीच्या पाच मिनिटांत तो ओढून घेता येतो, पण त्यासोबत एक्झॉस्ट बाहेरच्या भिंतीवरच पाहिजे, डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या आतल्या बंद पोकळीत, सोडला तर शेजाऱ्याचा वास आपल्याकडे येतो.

आणि सिलिंडर! हे कृपा करून ठळक छापा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साठतो. छोट्या घरात जागा वाचवायला सिलिंडर ओट्याखाली बंद ट्रॉलीत कोंडतात, शटर घट्ट, खाली पट्टी घट्ट, म्हणजे गळलेला गॅस बाहेर जायला वाटच नाही आणि वास पण उशिरा येतो. त्या शटरला खाली जमिनीलगत जाळी किंवा भोकं पाहिजेतच, कोणी कितीही सांगो की दिसायला वाईट दिसतं.

पाण्याच्या जागेकडे येतो. चाळीत घरात मोरी असायची आणि संडास बाहेर कॉमन. ते दिवस परत यावेत असं मी अजिबात म्हणत नाही, रात्री-अपरात्री बायका-पोरींना तिकडे जावं लागायचं, सकाळी रांग, आजारी माणसाचे हाल, घरात संडास आला हे सगळ्यात मोठं सुख आहे. पण मोरी घालवली ते चुकलं. मोरीत बसून भांडी घासली जायची, कपडे धुतले जायचे, लहान पोराला अंघोळ, पावसातून आलेली छत्री-रेनकोट, भाजी धुणं, सगळं एका अडीच बाय तीन फुटात. आता नव्या घरात वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, बाथरूममध्ये ठेवलं तर दार उघडत नाही, किचनमध्ये ठेवलं तर पाणी सोडायला जागा नाही. ड्राय बाल्कनी म्हणतात तेवढा कोपरा जरी नकाशात असला, उतार आणि नाळी काढलेला, तरी घर सुटतं. आणि दुसरं, पाच माणसांच्या घरात संडास आणि बाथरूम वेगळं पाहिजे. एकत्र केलं की एक भिंत आणि एक दार वाचतं पण सकाळी सहा ते आठ एक जण अंघोळीला गेला की बाकीचे चौघं खोळंबतात. हॉटेलसारखं दिसतं म्हणून एकत्र करू नका.

कपडे वाळवणं, याच्यावर तर कोणी बोलतच नाही. जून ते सप्टेंबर ओले कपडे घरातच, छताला पुलीचे हँगर लावतो आम्ही, पण धुण्याच्या एका खेपेतलं लिटर-दोन लिटर पाणी हवेतच जातं आणि खोलीला एकच खिडकी असेल तर ते बाहेर जाणार कुठून, ते भिंतीवर बसतं, कपाटामागे बसतं आणि छातीत बसतं.

छातीत बसतं हे मी उगाच म्हणत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, पीएमजी कॉलनी, यांचा एक अभ्यास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केला होता, 2018 ला तो बाहेर आला. बिल्डिंगा एकमेकींना इतक्या चिकटून, काही ठिकाणी तीनच मीटर अंतर, की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि जिथे असं होतं तिथे टीबीचे पेशंट जास्त सापडले. ती घरं पण छोटीच होती, पक्की होती, संडास आत होता, फरशी चांगली होती. जवळपास तेवढ्याच कार्पेटचं, म्हणजे भिंतींच्या आतल्या तेवढ्याच वापरायच्या जागेचं, घर एका ठिकाणी माणसाला सुखात ठेवतं आणि दुसऱ्या ठिकाणी आजारी पाडतं, आणि हा फरक कुठल्याही घडीच्या टेबलाने भरून निघणारा नाही. आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या हिश्शाएवढ्या पाहिजेत असं राष्ट्रीय बिल्डिंग कोड सांगतो, पण तीन मीटरवर समोरची भिंत असेल तर खिडकी मोठी करून काय होणार? आणि वारा एका खिडकीतून आत येत नाही, त्याला बाहेर जायला दुसरी वाट लागते. चाळीत खिडकी एकीकडे आणि दार समोर गॅलरीत, दोन्ही उघडं टाकलं की झुळूक आरपार जायची. आज टॉवरमध्ये दार उघडलं की समोर लिफ्टची बंद लॉबी, तिथे हवाच नाही तर आरपार जाणार काय. दाराला वर दीड फुटाचा झरोका असायचा तो पण गेला. कोणी घर बघायला जाणार असाल तर एवढं करा, दुपारी जा, पंखा बंद ठेवायला सांगा, आणि दोन खिडक्या उघडून एक अगरबत्ती लावा, धूर कुठे जातो ते बघा. सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्यापेक्षा ते जास्त सांगतं.

आता दाराबाहेरची जागा, ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. ली कॉर्बुझिए, ज्यांनी चंदीगड आखलं, त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून इथे 1952 मध्ये स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. 3.66 मीटर बाय 3.66 मीटर, म्हणजे बरोबर बारा बाय बारा. उंची 2.26 मीटर. टायनी हाऊसवाले तिचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. पण त्या खोलीत किचनच नाही, कारण शेजारी खाणावळ होती आणि खोलीतून थेट तिकडे दार होतं. बाहेर झाडं आणि खाली समुद्र. एवढा मोठा आर्किटेक्ट बारा बाय बारामध्ये सुखाने राहिला याचं कारण त्याचं घर बारा बाय बारावर संपत नव्हतं.

आपल्याकडे हे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांना पक्कं कळलं होतं. बेलापूरला सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी, त्यांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज केलं, प्लॉट 45 ते 75 चौरस मीटरचे, म्हणजे छोटेच, पण सात घरं मिळून मध्ये आठ बाय आठ मीटरचं एक अंगण, आणि प्रत्येक घर पुढेमागे वाढवता येईल असं स्वतंत्र. आपल्या हवेत माणूस दिवसाचे कितीतरी तास उघड्यावर काढू शकतो, मग उघडी जागा ही पण खोलीच धरा, हा त्यांचा हिशोब. आज तिथे बरीच घरं पाडून मोठी बांधलीत, तरी ती अंगणं बघायला आर्किटेक्चरची पोरं अजून जातात. ज्यांना टायनी हाऊस बघायचंय त्यांनी अमेरिकेच्या आधी हार्बर लाइन पकडून बेलापूरला जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

चाळीची गॅलरी हेच करत होती. चार फूट रुंद गॅलरी, तिच्यात तांदूळ निवडले जायचे, पोरं पाढे म्हणायची, म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसायची, पाहुणे जास्त झाले तर दोघं तिकडे झोपायचे. गॅलरीचा एक फूटही कोणाच्या नावावर नव्हता आणि तरी प्रत्येकाचं घर तिच्यामुळे मोठं होतं. बीडीडीत बाहेर उघडी गॅलरी नाही, मधून लांब पॅसेज आणि दोन्हीकडे दहा-दहा खोल्या, पण तिथेही पॅसेजने तेच काम केलं, फक्त उजेड कमी.

विक्रोळीत एका आजींकडे काम होतं, पुनर्वसनातलं घर, मी आपला वॉर्डरोबचं माप घेत होतो. त्या म्हणाल्या, “बाळा, कपाट कर नाहीतर नको करू, मला दाराशी बसायला एक फळी करून दे.” मी म्हटलं आजी, बाहेर लॉबीत ठेवता येणार नाही, सोसायटी काढायला लावते, फायरचा नियम आहे. तर म्हणाल्या, “मग आतच कर, पण अशी कर की दार उघडं राहील आणि जाणारा-येणारा दिसेल.” मग दाराच्या आत भिंतीला सोळा इंची बाक केला, खाली चपलांचा कप्पा, आणि जाळीचं सेफ्टी डोअर. त्या घरात माझ्या हातचं सगळ्यात उपयोगी फर्निचर कुठलं म्हणाल तर ते. ज्यांनी त्या मजल्याचा नकाशा काढला त्यांनी लॉबीत एक खिडकी आणि भिंतीतच एक बसायची जागा दिली असती तर प्रत्येक घराला ती आपोआप मिळाली असती, फायरचा रस्ता न अडवता.

ही बाहेरची जागा का गेली ते पण माहीत असू द्या. आपण घर कार्पेटवर घेतो, रेराच्या, म्हणजे घरविक्रीवरच्या कायद्याच्या, व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, आणि मुंबईत 2012 ला नियम बदलल्यापासून बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्यात, मोजायला लागले. त्याआधी त्या फुकटच्या जागांचा गैरवापर खूप झाला म्हणून नियम बदलला हे खरं आहे, पण मग बिल्डरने सरळ हिशोब केला की बाल्कनीत एफएसआय घालवण्यापेक्षा तो खोलीत घालू, कार्पेट जास्त दाखवता येतं. आणि आपण पण मीटिंगमध्ये एकच विचारतो, कार्पेट किती देणार? वीस फूट जास्त मिळाले म्हणून ज्या नकाशात गॅलरी आणि दोन बाजूंच्या खिडक्या होत्या तो नाकारलेला मी बघितलाय. पाच बाय चार म्हणजे वीस फूट. पाच बाय चारची बाल्कनी पण वीसच फूट असते.

वरळीच्या बीडीडीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, 160 वरून 500 फूट. टीव्हीवर बघताना डोळे भरून आले, तीन-तीन पिढ्या वाट बघितलीय लोकांनी, चांगलं झालं. नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडीची कामं चालू आहेत, उपनगरांत तर हजारो सोसायट्या आणि चाळी रांगेत आहेत. म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांची छोटी घरं आत्ता कागदावर काढली जातायत, आणि बदल करायचा तर तो आत्ताच होतो, स्लॅब पडल्यावर आमच्यासारख्याला बोलावून काही उपयोग नसतो.

तेव्हा ज्यांच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत त्यांना माझी विनंती. आर्किटेक्टला सांगा की नकाशा फर्निचरसकट दाखवा, आणि ते फर्निचर खऱ्या मापाचं, सहा बाय पाचचा पलंग कागदावर साडेपाच बाय चार काढून खोली मोठी दाखवतात, टेप लावून तपासा. विचारा की पाच गाद्या दिवसा कुठे जाणार, ओले कपडे जुलैमध्ये कुठे वाळणार, मशीनचं पाणी कुठे जाणार, सिलिंडर किंवा पाइप गॅस कुठून, वारा कुठून शिरून कुठून निघणार, समोरची बिल्डिंग किती मीटरवर येणार, आणि म्हातारं माणूस घराबाहेर पण मजल्यावरच कुठे बसणार. बायकांना मीटिंगला घेऊन जा, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी पुरुषांना सुचतच नाहीत, मीटिंगला सह्या करणारे पुरुष आणि घरात चोवीस तास वावरणाऱ्या बायका असं अजून चाललंय.

आणि तुम्हाला विनंती ही की पुरवणीत पुढच्या वेळी फोटोंबरोबर नकाशे छापा. एक तीनशे फुटी घर घ्या, पुनर्वसनातलं, एक चाळीतलं डबल रूम घ्या, एक बेलापूरचं घ्या, खिडक्या आणि दारं दाखवा, उत्तर दिशा दाखवा, शेजारची भिंत किती लांब ते लिहा. त्यात राहणाऱ्या बायकांना विचारा, दुपारी दोन वाजता कुठे बसता. मापं घ्यायला माणूस लागला तर मी येईन, टेप माझा.

आपला नियमित वाचक,
एक फर्निचर कारागीर, डोंबिवली (पूर्व)